खाली पार्किंग, वर तीन मजले : चिपळूणमधील एका जुन्या आरसीसी इमारतीच्या भूकंपसुरक्षेच्या कामाच्या नोंदी

१७ ऑक्टोबर २०२२

आमची इमारत १९९४ सालची आहे. खाली पूर्ण मोकळे पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका आणि गच्चीवर पाण्याची टाकी, अशा इमारती चिपळुणात कोणत्याही गल्लीत सापडतील. एकूण वीस कॉलम असून प्रत्येक २३० × ४५० मिमीचा आहे, आणि भिंती इकडच्या रिवाजाप्रमाणे जांभ्या चिऱ्याच्या, नऊ इंच जाडीच्या आहेत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात पार्किंगचा मजला पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यानंतरच्या वर्षभरात कॉलमांच्या पायथ्याचे प्लास्टर सुटू लागले आणि काही ठिकाणी गंजलेली सळई उघडी पडली. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट मागवले ते या गंजासाठी.

ऑडिटला आलेल्या अभियंत्यांनी गंजाची नोंद घेतली, पण त्यांनी जास्त वेळ दिला तो वेगळ्याच गोष्टीला. वरच्या तीन मजल्यांना चिऱ्याच्या भिंतींमुळे भरपूर ताठरपणा आहे आणि खालच्या मजल्यावर जिन्याभोवतीची एक भिंत सोडली तर काहीच नाही. जमीन आडवी हलली की वरचे तीन मजले एका ठोकळ्यासारखे हलतात आणि वाकण्याचे सगळे काम खालच्या बारीक कॉलमांवर येते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या, त्यांतल्या अनेकांची रचना हीच होती. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या घरांची धास्ती घातली, आणि त्यामुळे आरसीसी म्हणजे सुरक्षित अशी एक समजूत रुजली. आमची इमारत त्याच्या पुढच्याच वर्षी उभी राहिली.

चिपळूण आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात चौथ्या, म्हणजे बऱ्याच धोक्याच्या विभागात आहे. कारण उघड आहे : ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या कोयनानगरजवळ झाला, ते कुंभार्ली घाट चढून गेले की लागते.

३ नोव्हेंबर २०२२

चाचण्या सुरू झाल्या. काँक्रीटवर ठोका मारून त्याची ताकद अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे फार चांगले आले आणि सभासदांपैकी काहींना हायसे वाटले. या आकड्यांवर विसंबता येत नाही, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे टणक होतो आणि हॅमर त्या कवचाचीच ताकद सांगतो. त्याच कॉलमांवर अल्ट्रासॉनिक यंत्र लावले, तेव्हा बहुतेक ठिकाणी काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास आणि तीन कॉलमांत त्याहूनही कमी मिळाला. अशा चाचण्यांच्या आयएस १३३११ या जुन्या मानकानुसार ३ च्या खाली गेलेले काँक्रीट संशयास्पद मानले जात असे.

एका कॉलमचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून आतले काँक्रीट उघडे केले आणि त्यावर फिनॉल्फ्थेलिन हे रसायन फवारले. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते. आमच्याकडे पृष्ठभागापासून ३० ते ३५ मिमीपर्यंत रंग आलाच नाही, आणि कव्हर होते जेमतेम २० ते २५ मिमी. म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म सळईच्या मागेपर्यंत संपलेला होता.

त्याच फोडलेल्या जागेत उभ्या सळयांना वेढणारी रिंग दिसली. ६ मिमीची साधी सळई, दोन रिंगांमध्ये सव्वादोनशे मिमी अंतर, आणि हुक काटकोनात वळवून सोडलेला. अभियंत्यांनी पकडीने हुकाचे टोक धरून ओढले, तर तो फारसा जोर न लावता सरळ झाला. कव्हर उडाल्यावर भूकंपात हेच घडते : रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट भुगा होऊन निसटते. हुक १३५ अंशांत वळवून टोक कॉलमच्या गाभ्यात शिरवायचे, हा नियम देणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ साली आले होते, पण ते आमच्या बांधकामापर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

१४ नोव्हेंबर २०२२

कोअरचे, म्हणजे कॉलममधून कापून काढलेल्या काँक्रीटच्या गोल नमुन्यांचे, निकाल आले. कॉलम अरुंद असल्याने ७५ मिमी व्यासाचेच कोअर घेता आले. कागदावर एम १५, म्हणजे चौरस मिमीला १५ न्यूटन ताकदीच्या, असलेल्या काँक्रीटची सरासरी १३ भरली आणि एका कॉलममध्ये तर ९. तो कॉलम जिन्यालगतचा आहे. आजच त्याच्या दोन्ही बाजूंच्या बीमखाली लोखंडी प्रॉप (टेकू) लावून घेतले.

चाचण्यांचा खर्च सुमारे ८५ हजार रुपये. सभेत हा खर्च वायफळ असल्याचा सूर निघाला होता. पण ९ चा आकडा आल्यावर तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

२७ नोव्हेंबर २०२२

आज सर्वसाधारण सभा झाली. आराखडा ठरवताना जे पर्याय बाजूला पडले, ते का पडले हे सविस्तर लिहितो, कारण असे काम काढणाऱ्या प्रत्येक सोसायटीपुढे हेच पर्याय येतील.

पहिला पर्याय कॉलमांना फायबरचे कापड गुंडाळण्याचा होता. एका विक्रेत्याने आठवडाभरात काम पुरे करून देण्याची तयारी दाखवली. कापडाने कॉलमची घट्ट आवळण होते आणि कातरबलाला, म्हणजे कॉलम आडवा कापू पाहणाऱ्या बलाला, तोंड देण्याची ताकद वाढते, हे खरे आहे. पण आमचा मूळ दोष खालच्या मजल्याचा मऊपणा हा आहे आणि कापडाने ताठरपणा जवळजवळ वाढत नाही. शिवाय ज्याची एक बाजू दुसरीच्या दुप्पट आहे अशा चपट्या कॉलमवर आवळण्याचा परिणामही गोल कॉलमच्या मानाने बराच कमी मिळतो.

दुसरा पर्याय कॉलमांमध्ये फुलीसारखे लोखंडी ब्रेसिंग टाकण्याचा. मला तो तत्त्वतः पसंत होता, कारण वजन वाढत नाही आणि पुराच्या पाण्याला वाट राहते. परंतु ज्या मजल्यावर गाळाचे पाणी शिरणार हे गृहीत धरावे लागते, तेथे लोखंडाचे जोड वर्षानुवर्षे रंगवून टिकवणे कोणत्याही सोसायटीला जमणार नाही, असे अभियंत्यांचे म्हणणे पडले, आणि आमच्या सोसायटीचा मागील वीस वर्षांचा रंगकामाचा इतिहास पाहता ते मान्य करावे लागले.

ठरले ते असे. पार्किंगच्या मजल्यावर आरसीसीच्या चार नव्या भिंती, लांबीच्या दिशेला दोन आणि रुंदीच्या दिशेला दोन. सर्व वीस कॉलमांना पायापासून १०० मिमी जाडीचे आरसीसी जॅकेट, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया-काँक्रीटचे आवरण. आणि जमिनीखाली फुटिंगांना (कॉलमांखालच्या काँक्रीटच्या पायांना) एकमेकांशी बांधणारे बीम. इमारतीचे वजन अंदाजे १,००० टन धरले, तर चौथ्या विभागात अशा साध्या चौकटीच्या इमारतीवर त्याच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे १०० टनांचे आडवे बल हिशेबात घ्यावे लागते. जुन्या इमारतींसाठीच्या आयएस १५९८८ मध्ये उरलेल्या आयुष्याचा विचार करून हे बल काहीसे कमी धरण्याची मुभा आहे. आम्ही ती घेतली नाही.

भिंती कोठे घ्यायच्या यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आमचे सगळे कॉलम ४५० ची बाजू रुंदीच्या दिशेला ठेवून उभे केलेले आहेत, जेणेकरून खोल्यांत कोपरा दिसू नये. त्यामुळे रस्त्याला समांतर, म्हणजे लांबीच्या दिशेत इमारत जास्त कमकुवत आहे. पुराचे पाणी मात्र रस्त्याकडून शिरून मागच्या पऱ्याकडे (ओढ्याकडे) निघते, म्हणजे ज्या दिशेला भिंतींची गरज अधिक, त्याच भिंती पाण्याला आडव्या येतात. म्हणून लांबीच्या दोन भिंती एकेका गाळ्याच्याच (शेजारच्या दोन कॉलमांमधल्या अंतराच्या) ठेवल्या : एक पुढच्या ओळीत पूर्वेच्या टोकाला आणि दुसरी मागच्या ओळीत पश्चिमेच्या टोकाला. मधले गाळे मोकळे राहिले. एकाच बाजूला दोन्ही घेतल्या असत्या तर पार्किंगची एक जागा वाचली असती, पण इमारत भूकंपात पिळली गेली असती. ज्यांची जागा गेली त्या सभासदांना आवारात जागा देण्याचा ठराव झाला.

अंदाजपत्रक ३१ लाखांचे आहे.

१२ डिसेंबर २०२२

पायाच्या खोदाईला सुरुवात झाली. एका वेळी दोनच फुटिंग उघडायची, तीही एकमेकांशेजारची नाहीत, आणि उघडण्यापूर्वी त्या कॉलमच्या चारही बाजूंच्या बीमखाली जॅक लावून भार उचलून घ्यायचा, असा क्रम ठेवला आहे. ठेकेदाराला एक पूर्ण ओळ एकदम उघडायची होती. जेसीबी लावून दोन दिवसांत खोदाई उरकण्याची त्याची तयारी होती, परंतु इमारतीखाली जेसीबी घालण्यास परवानगी दिली नाही.

२० डिसेंबर २०२२

मूळ नकाशात सर्व कॉलमांना जमिनीलगत जोडणारा प्लिंथ बीम दाखवला आहे. मागच्या ओळीत तो मुळातच नाही. पुढच्या तीन ओळींत सापडला, मागच्या ओळीत नुसता चिऱ्याचा थर. आराखड्यातील मागील बाजूचे जोडबीम पुन्हा काढावे लागले आणि खर्च दीड लाखाने वाढला. जुने नकाशे हाती असले तरी अंदाजपत्रक करण्यापूर्वी प्रत्येक ओळीत एक तरी खड्डा खोदून पाहावा.

फुटिंगचे मुरूमावरचे बसणे चांगले आहे. डिसेंबर असूनही पावणेदोन मीटरवर पाणी लागते, त्यामुळे पंप सतत चालू ठेवावा लागतो.

नव्या भिंतीखालच्या दोन फुटिंगांना एकत्र करून लांब सामाईक फुटिंग करत आहोत. काही सभासदांना हा अतिरेक वाटतो. भिंत ताठ असल्याने आडवे बल तिच्याकडेच धावते, आणि मग ती एका टोकावर दाबली जाते व दुसरे टोक जमिनीतून उचलू पाहते. ते टोक धरून ठेवण्यास तेथील कॉलमवरचे वजन आणि फुटिंगचे वजन एवढेच असते. वर कितीही मजबूत भिंत बांधली आणि खाली जुनी सुटी फुटिंग ठेवली, तर बल जमिनीपर्यंत पोहोचायला वाटच राहत नाही. या कामातला जवळपास निम्मा पैसा जमिनीखाली जात आहे आणि तो कोणाला दिसणार नाही, ही गोष्ट सभासदांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

५ जानेवारी २०२३

जुन्या काँक्रीटमध्ये भोके पाडून रसायनाने सळया बसवण्याचे काम सुरू आहे. १२ मिमीच्या सळईला १६ मिमीचे भोक. पहिल्या दिवशीच्या सळयांपैकी काही ओढून पाहिल्या, तर दोन सळया अपेक्षित भाराच्या निम्म्यावर सुटून हातात आल्या. सळईवरील रसायनाला पांढरी भुकटी चिकटलेली होती. म्हणजे रसायन काँक्रीटला न चिकटता भोकातल्या धुळीला चिकटले होते. कामगार तोंडाने फुंकर मारून भोक साफ करीत होते. आता हवेचा झोत, तारेचा ब्रश, पुन्हा झोत, असा क्रम लावला आहे आणि भोकात रसायन तळापासून भरत वर यायचे आहे. त्या दिवशीच्या सगळ्याच सळया बाद धरून शेजारी नवी भोके पाडली.

बीमच्या तळातून वर जाणारी भोके त्रासदायक ठरत आहेत. २३० मिमी रुंदीत १६ मिमीच्या तीन सळया असल्याने ड्रिल हमखास त्यांच्यावर जाते. सळई शोधण्याचे यंत्र भाड्याने आणले. जेथे ड्रिल सळईला लागते तेथे भोक सोडून द्यायचे आणि ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरायचे, सळई कापायची नाही, असे लेखी दिले आहे.

१८ जानेवारी २०२३

पहिल्या जॅकेटची फिटिंग पूर्ण झाली. जुन्या कॉलमभोवती बंद रिंग चढवता येत नाही, म्हणून ८ मिमीच्या दोन इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या तुकड्यांनी एक रिंग तयार होते, आणि प्रत्येक टोकाला १३५ अंशांचा, ८० मिमी लांबीचा हुक येतो. अंतर पायथ्याशी व माथ्याशी १०० मिमी, मध्ये १५०. जिन्यालगतच्या दोन कॉलमांत पूर्ण उंचीभर १००, कारण जिन्याच्या मधल्या चौकाचा बीम तेथे अर्ध्या उंचीवर येऊन मिळतो आणि कॉलमचे दोन आखूड तुकडे करतो. आखूड कॉलम ताठ असतो, म्हणून बल स्वतःकडे ओढून घेतो आणि कातरला जातो.

मुकादमाने आज हरकत घेतली : “साहेब, हुक तुमचे बरोबर असतील, पण एवढ्या दाटीतून माल खाली उतरायचा नाही. पोकळी राहील.” सर्व हुक एकाच कोपऱ्यावर आले होते. तरीही उद्या भरणे ठरले असल्याने तसेच पुढे जाण्याचा निर्णय झाला.

२१ जानेवारी २०२३

सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) उघडले. मुकादमाचे म्हणणे खरे ठरले. हुकांच्या कोपऱ्यावर पायापासून सुमारे हातभर उंचीपर्यंत खडीच खडी दिसत होती, मध्ये बोट जाईल एवढ्या पोकळ्या. तीन बाजू चांगल्या होत्या. पोकळीचा भाग छिन्नीने फोडताना आणखी एक दोष सापडला, जो बाहेरून कळला नसता : नवे-जुने काँक्रीट जोडण्यासाठी जुन्या कॉलमला लावलेला इपॉक्सी या चिकट रसायनाचा थर काचेसारखा चकचकीत होता आणि नवे काँक्रीट त्यावरून सोलल्यासारखे सुटत होते. इपॉक्सी ओला, चिकट असतानाच त्यावर काँक्रीट पडावे लागते. आमच्याकडे इपॉक्सी लावून झाल्यावर सेंटरिंगच्या पाट्या बंद करण्यात दुपार गेली आणि तोपर्यंत तो वाळला. अशा वेळी तो जोडण्याऐवजी दोन थर वेगळे ठेवण्याचेच काम करतो.

जॅकेट पूर्ण तोडले. सळया वाचल्या. नुकसान साधारण ४० हजार आणि दहा-बारा दिवस.

२ फेब्रुवारी २०२३

दुसऱ्या प्रयत्नात पुढील बदल केले. इपॉक्सी पूर्णपणे बंद. जुन्या कॉलमचा पृष्ठभाग लहान ब्रेकरने टोचून ५ ते ६ मिमी खडबडीत करायचा, सुटे कण पाण्याच्या झोताने धुवायचे, रात्रभर ओले ठेवायचे आणि भरताना पृष्ठभाग ओलसर असावा पण त्यावर पाणी साचलेले नसावे. जोड टिकवण्याचे काम हा खडबडीतपणा आणि आत बसवलेल्या सळया करतील. हुकांच्या जागा एकाआड एक चारही कोपऱ्यांवर फिरवल्या. २० मिमी खडी बंद करून १० मिमीची घेतली, आणि दाटीच्या भागासाठी तयार मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक कणांचे सहज वाहणारे काँक्रीट, आणले. ते साध्या काँक्रीटच्या कित्येक पट महाग पडते. उत्पादकाने परवानगी दिलेल्या प्रमाणात बारीक खडी मिसळून खर्च थोडा आवरला. सेंटरिंग एकदम पूर्ण उंचीचे न लावता दीड मीटरच्या टप्प्याने लावायचे आणि बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहायचे.

आज उघडलेली दोन जॅकेटे स्वच्छ निघाली. कोपऱ्यावर ठोकून पाहिले असता आवाज भरीव येतो.

१० फेब्रुवारी २०२३

तीन सभासदांनी गाडीचे दार उघडत नाही म्हणून आपल्या बाजूचे जॅकेट वगळून उरलेल्या तीन बाजूंनीच करण्याची विनंती केली आहे. चौथी बाजू उघडी राहिली तर रिंग बंदच होत नाही, मग आवळण कसली? विनंती नाकारली. त्याऐवजी पट्टे नव्याने आखून गाड्या किंचित तिरप्या लावण्याची सोय केली.

२८ फेब्रुवारी २०२३

अकरा कॉलम झाले. शिमगा जवळ आल्याने गावाकडचे कामगार पालखीसाठी निघाले आहेत. ठेकेदाराने कराराच्या वेळी हे धरले नव्हते. कोकणात काम काढणाऱ्याने ते आधीच वेळापत्रकात धरावे. मार्चचा पहिला पंधरवडा फक्त पाणी मारण्यात जाईल. कॉलमांना गोणपाट गुंडाळून ओले ठेवण्याची जबाबदारी रहिवाशांनी वाटून घेतली आहे.

२२ मार्च २०२३

रुंदीच्या दिशेच्या दोन्ही भिंती भरून झाल्या. जाडी २०० मिमी, सळयांच्या दोन जाळ्या. भिंतीच्या आडव्या सळया जुन्या कॉलमांत भोके पाडून बसवण्याऐवजी त्या कॉलमांच्या नव्या जॅकेटांत, रिंगांच्या आत वळवून अडकवल्या आणि भिंत व दोन्ही टोकांची जॅकेटे एकत्रच भरली. यामुळे शेकडो भोके वाचली आणि जोडही अधिक भरवशाचा झाला. हे आधी सुचले असते तर जानेवारीतला बराच खर्च टळला असता.

भिंतीच्या माथ्याशी, बीमच्या खाली ६० मिमीची फट मुद्दाम ठेवली आहे. काँक्रीट वाळताना आकसते आणि खाली बसते. बीमपर्यंत एकदम भरले तर केसाएवढी का होईना, फट पडतेच, आणि मग भिंत वरच्या मजल्याचे बल घेतच नाही. दहा दिवसांनी ही फट न आकसणाऱ्या ग्राउटने, एका बाजूने दाबून, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरायची आहे.

९ एप्रिल २०२३

रहिवाशांना सर्वाधिक त्रास देणारा टप्पा सुरू आहे. जॅकेटच्या उभ्या सळया पहिल्या स्लॅबच्या खालीच संपवल्या, तर कॉलम मधोमध जाड आणि नेमका जेथे वाकतो त्या माथ्याशी बारीक राहतो. म्हणून कोपऱ्याच्या १६ मिमीच्या सळया स्लॅब भेदून पहिल्या मजल्यावर सुमारे ९०० मिमी वर न्याव्या लागत आहेत. बीम कॉलमइतकाच रुंद असल्याने मधल्या सळया वर जाऊ शकत नाहीत. म्हणून कोपऱ्यांत दोन-दोन सळया जोडीने घेतल्या आहेत.

पहिल्या मजल्यावरच्या चारही घरांत फरशी फुटली आणि दोन घरांत स्वयंपाकाचा ओटा काढावा लागला. एका आजींनी कामगारांना दोन दिवस आत येऊ दिले नाही. “खालचे काम खाली करा, माझ्या ओट्याशी भूकंपाचा काय संबंध?” हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना खाली नेऊन स्लॅबपाशी अडलेल्या सळया दाखवल्या, आणि ओटा नव्या कडप्प्याचा, आधीपेक्षा दोन इंच उंच करून देण्याचे कबूल केले. काम मार्गी लागले ते मुख्यतः या दोन इंचांमुळे, असा माझा समज आहे.

बीम आणि कॉलमच्या सांध्यातही रिंगा हव्यात. तेथे बीमला आरपार भोके पाडून ‘यू’ तुकडे घातले आणि टोके वेल्डिंगने जोडली. प्रत्येक सांध्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. अंदाजपत्रकात याला कॉलममागे दोन तास धरले होते.

३० एप्रिल २०२३

लांबीच्या दिशेच्या दोन्ही भिंती भरल्या. माथ्याची फट पुढच्या आठवड्यात.

एक स्वस्तातले काम आज झाले. पुरानंतर कोणीतरी पार्किंगच्या कडेला दोन कॉलमांच्या मध्ये कमरेएवढी चिऱ्याची भिंत बांधली होती. अशी अर्धी भिंत कॉलमचा खालचा भाग अडकवून धरते आणि वर उरलेला आखूड तुकडा कातरला जातो. भिंतीच्या दोन्ही टोकांना, कॉलमपासून २५ मिमीची फट कटरने पाडून ती मऊ भरावाने बुजवली. एका गवंड्याचे दिवसभराचे काम. ज्यांना मोठा खर्च सध्या शक्य नाही, त्यांनी निदान आपल्या पार्किंगमध्ये अशा अर्ध्या भिंती आहेत का, हे आजच पाहावे.

२१ मे २०२३

माथ्याचे ग्राउटिंग पूर्ण. एका भिंतीत दुसऱ्या बाजूने ग्राउट बाहेरच आला नाही. मध्ये सेंटरिंगचा कागद अडकला होता. तो भाग फोडून पुन्हा भरला.

जॅकेटच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची ताकद सर्व तुकड्यांत ३० च्या वर आली आहे. नव्या भिंती व जॅकेट धरून हिशेब पुन्हा केला असता, खालच्या मजल्याचा ताठरपणा दोन्ही दिशांत वरच्या मजल्याच्या बरोबरीला आला आहे. वरच्या मजल्यांचे कॉलम अर्थातच जुन्याच रिंगांचे आहेत. तेथे चिऱ्याच्या भिंती बल घेतील आणि भेगाळतील, पण घरे राहती असताना ते कॉलम उघडणे व्यवहार्य नव्हते. हा धोका अहवालात स्पष्ट लिहून सर्व सभासदांच्या सह्या घेतल्या आहेत.

४ जून २०२३

खड्डे बुजवून पार्किंगची फरशी झाली. एकूण खर्च ३८ लाखांच्या थोडा वर गेला, म्हणजे प्रत्येक सदनिकेस सव्वातीन लाखांच्या आत. अंदाजापेक्षा वाढलेल्या सात लाखांत मागच्या ओळीचे जोडबीम, सांध्यांची मजुरी, मायक्रोकाँक्रीट आणि पहिल्या मजल्यावरील फरश्या-ओटे यांचा वाटा मोठा आहे. वाया गेलेले पहिले जॅकेट त्या मानाने किरकोळ.

शिल्लक कामे दोन. गच्चीवरील जुनी टाकी चार आखूड कॉलमांवर उभी आहे आणि तिच्याशेजारी नंतर ठेवलेल्या प्लास्टिकच्या दोन टाक्या कशालाही बांधलेल्या नाहीत. जुनी टाकी पाडून कमी उंचीच्या चौथऱ्यावर नवी ठेवण्यासाठी आणि तोपर्यंत प्लास्टिकच्या टाक्या पट्ट्यांनी स्लॅबला जखडण्यासाठी दर मागवले आहेत. तसेच पहिल्या मजल्यावर मागे असलेल्या दोन गॅलऱ्या सभासदांनी चिऱ्याने बंद केल्या आहेत. ते वजन काढून हलके पार्टिशन घालण्याची नोटीस दिली असून त्यांचे उत्तर यायचे आहे.